सहा फूट दोन इंचांवरची रेंज

मंगळवार, १८ नोव्हेंबर. आकाश स्वच्छ, सकाळी अंगाला लागेल इतका गारवा, वारा नाही. अशा दिवशी शहाण्या माणसाने चहा प्यावा आणि गप्प बसावं. फूटपट्टीने मात्र साडेआठ वाजता, चहाचा दुसरा घोट घेताना, बायकोचा मोबाइल पुढच्या पिढीत न्यायचं ठरवलं.

फूटपट्टी हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. तो वजनमापं खात्यात निरीक्षक होता. बाजारातले तराजू, तेलाची मापं, कापडवाल्यांचे मीटर तपासायचे, खोट निघाली की माल जप्त करून लाखेची मोहोर लावायची, हे काम त्याने सव्वीस वर्षं इतक्या निष्ठेने केलं होतं, की ते संध्याकाळी घरी आल्यावरही थांबत नसे. सासूबाईंच्या खोकल्याचं औषध आलं की झाकणात खरोखर पाच मिलिलिटर मावतं का, हे पाहिल्याशिवाय तो त्यांना पहिला डोस घेऊ देत नसे. (तोवर खोकला कंटाळून निघून जातो, असं सासूबाई म्हणत.)

तर, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बायकोची मुलाखत होती. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौदा वर्षं हंगामी म्हणून राबत होती. आता मुख्य ग्रंथपालाची कायम जागा निघाली होती आणि तिच्या वयाला ही शेवटची संधी होती. पुढच्या जाहिरातीपर्यंत ती वयाच्या अटीतून बाहेर पडणार होती. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती आणि कॉल अर्जात लिहिलेल्या नंबरावरच येणार होता.

“तुझ्या फोनच्या कोपऱ्यात चार लिहिलंय,” फूटपट्टी म्हणाला.

“मग?”

“पाचवी पिढी येऊन बसली आहे. आयुष्याची मुलाखत, आणि ती तू चौथीवर देणार?”

“चौथीवर छान दिसतं आणि छान ऐकू येतं. इथे जेवणाच्या टेबलाशी बसून मी ताईशी रोज तासभर बोलते. अहो, हात जोडते, शुक्रवारपर्यंत माझ्या फोनला हात लावू नका.”

“आवाजाची पहिली पिढी गेली. संदेशांची दुसरी जायच्या वाटेवर आहे. तिसरी तर कधी आली आणि कधी गेली ते कळलंही नाही. काळ कुणासाठी थांबत नाही.”

“पहिली पिढी इथे बसली आहे,” कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, “आणि तिचा चहा अजून आलेला नाही.”

फूटपट्टीने बायकोचा शब्द मोडला नाही. खात्यातल्या प्रमाणित वजनांना कुणी हात लावत नाही. बोटाच्या घामाने वजन वाढतं, म्हणून ती चिमट्याने उचलतात. संध्याकाळी तो पाचव्या पिढीचा कोरा करकरीत फोन घेऊन आला आणि बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली तेवढ्या वेळात जुन्या फोनमधलं सिम काढून त्याने नव्यात घातलं.

“मी काय सांगितलं होतं?” कपड्यांचा ढीग खाली टाकत बायको म्हणाली.

“हात लावू नका म्हणालीस. नाही लावला.” त्याने चिमटा दाखवला.

बायको बराच वेळ चिमट्याकडे बघत राहिली. चिमट्याचं पुढे काय करावं यावर तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं असावं. पण टेबलाशी बसून तिने ताईला फोन लावून पाहिला आणि तो लागला. चित्रही जरा अधिक स्वच्छ होतं. “राहू द्या,” ती म्हणाली. “पण आता पुरे.”

पुरे झालं असतं. पण रात्रीच्या जेवणाआधी फूटपट्टीने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. जुन्या फोनवरची रेंजची सगळ्यात उंच रेघ नव्या फोनवरच्या सगळ्यात उंच रेघेपेक्षा मोठी दिसत होती. नुसत्या दिसण्यावर तो कधीच जात नसे. त्याने दप्तरातून मापाचं यंत्र काढलं, दोन्ही रेघा तीन-तीनदा मोजल्या आणि वहीत लिहिल्या. जुनी: चार पूर्णांक दोन मिलिमीटर. नवी: दोन पूर्णांक सहा.

“अडतीस टक्के तूट,” तो हलक्या आवाजात म्हणाला. तेलात अडतीस टक्के तूट मारणारा दुकानदार त्याने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

एकदा तूट सापडली की पुढचं सगळं नियमाने चालतं. जुना फोन हा मूळ मापाचा पुरावा. पुरावा जप्त व्हायला हवा. त्याने फोन मांजरपाटाच्या कापडात गुंडाळला, सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि गाठींवर पाच मोहोरा मारल्या. पंच म्हणून सासूबाईंनी सही केली आणि वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर आपलं चुकून आलेलं पत्र न्यायला खाली आला होता, त्यानेही केली. डॉक्टर कशावरही सही करत असे. मजकूर वाचायला त्याला चष्मा लागायचा आणि तो नेहमी वर राहिलेला असायचा.

बुधवारी दुपारी, फोनला संरक्षक काच बसवून आणतो असं सांगून, फूटपट्टी नवा फोन घेऊन कंपनीच्या दुकानात गेला. काउंटरवर एक मुलगी होती. तिच्यासमोर त्याने फोन, वही आणि नोटिशीच्या तीन प्रती मांडल्या.

“काका, या रेघा म्हणजे नुसती चित्रं आहेत,” मुलगी म्हणाली. “प्रत्येक फोनवाला आपापल्या मनाने काढतो.”

“वजनकाट्यावरचा आकडाही चित्रच असतो. तोही दुकानदाराने मनाने काढायचा का?”

मुलीने थोडा विचार केला. “रेंज घरात कमी येते का तुमच्या?”

“टेबलाशी कोपऱ्यात कधी पाच दिसतं, कधी चार.”

“हां, ते तसंच असतं. नव्या लहरींना आमच्या भागात भिंत फार आडवी येते. पाच मिळालं नाही की फोन आपोआप चारवर येतो. तुम्हाला कळतही नाही.”

तिने हे धीर द्यायला सांगितलं होतं. फूटपट्टीचा चेहरा मात्र खाड्‌कन उतरला.

“म्हणजे भेसळ,” तो म्हणाला.

“भेसळ नाही हो काका, सोय.”

“दूधवालाही सोयच म्हणतो. पाचाचे पैसे घेऊन गिऱ्हाइकाला नकळत चार मिसळून द्यायचं, याला आमच्या खात्यात एकच शब्द आहे. यातलं चार काढा. निव्वळ पाच ठेवा.”

“काका, ऐका माझं, चार असू द्या.”

“निव्वळ.”

मुलीने हात टेकले. फोनवर एक लांबलचक आकडा दाबला, एक लपलेला पडदा उघडला आणि ‘फक्त पाच’ ठेवून दिलं. आकडा फूटपट्टीने वहीत उतरवून घेतला. मग ती वही पुरावा म्हणून नोटिशीला जोडली, नोटीस काउंटरवर दिली, पोच घेतली आणि तो निघाला. दारात मुलीने मागून हाक मारली, “आणि काका, सहावीचंही काम सुरू आहे बरं का.” त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गुरुवारी बायकोला काहीच कळलं नाही. कॉलेजच्या समोरच टॉवर होता, तिथे निव्वळ पाच दुथडी भरून वाहत होतं. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही संध्याकाळी ती फोन बाजूला ठेवून प्रश्नांची तयारी करत बसली.

शुक्रवार उजाडला. फूटपट्टीने अर्धा दिवस रजा टाकली होती, मदतीला म्हणून. पावणेदहाला बायको ठेवणीतले कपडे घालून जेवणाच्या टेबलाशी बसली, मागे पुस्तकांचं कपाट येईल असा फोन लावला आणि म्हणाली, “अहो, इथे तर काहीच नाही. एकही रेघ नाही.”

फूटपट्टीने खाकरून घसा साफ केला आणि भेसळीचा प्रकार पहिल्यापासून सांगितला. बायकोने मध्ये एकदाही अडवलं नाही. लग्नाच्या बावीस वर्षांत ती तेवढी शांत कधी बसली नव्हती, म्हणून सासूबाईंनी काळजीने खुर्ची जवळ ओढली.

“होतं तसं करून द्या,” ती शेवटी म्हणाली.

“एक आकडा दाबायचा आहे, बस. तो वहीत आहे.”

“वही?”

“नोटिशीला जोडली आहे. नोटीस दुकानात. दुकान अकराला उघडतं.”

बायको उठली, स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली आणि फूटपट्टी दोन पावलं मागे सरकला. पण ती गेली कपाटाकडे. जप्त केलेलं पुडकं काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी मोहोरा खरवडून सुतळी कापली. सरकारी मोहोर तोडणं हा गुन्हा आहे, हे वाक्य फूटपट्टीच्या अगदी ओठांवर आलं होतं. सुरी बघून ते तिथेच थांबलं.

जुना फोन तीन दिवस कापडात राहून पार निपचित पडला होता. बायकोने चार्जरची पिन घातली. पिन आत जाईना. मोहोरा मारताना वितळलेली लाख कापडातून झिरपून थेट त्या भोकात उतरली होती आणि गोठून बसली होती.

“वरच्या डॉक्टरांना बोलवा,” सासूबाई म्हणाल्या.

दाताचा डॉक्टर हत्यारांची पेटी घेऊन आला. या वेळी चष्मा आठवणीने आणला होता. त्याने फोन खिडकीजवळ धरला, बारीक आकड्याने भोकात टोकरून पाहिलं, छोटा आरसा घातला, मान हलवली.

“दुखतंय का, असंही विचारता येत नाही,” तो पुटपुटला. मग दहा मिनिटं खरवडल्यावर चष्मा काढून तो नातेवाइकांकडे वळला. “फार खोलवर गेलंय, वहिनी. दोन दिवस आधी दाखवायला हवा होता.”

“वाचेल का?”

“पूर्ण भूल देऊन उघडावा लागेल. आज नाही.” मग त्याला सुचलं, “सिम माझ्या फोनमध्ये घालून पाहू या का?”

“आता या घरात,” बायको म्हणाली, “कुणीही कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूत घालायची नाही.”

डॉक्टर मुकाट्याने पेटी आवरून वर गेला. घड्याळात दहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. फूटपट्टीच्या आता खरोखर पाचावर धारण बसली. चौदा वर्षांची आस, शेवटची संधी, आणि आपण मधे चिमटा घेऊन उभे. पण घाबरला की तो मोजायला लागतो. त्याने खडू घेतला आणि नवा फोन हातात धरून घर फूट-फूट चौकटींत तपासायला सुरुवात केली. बैठकीची खोली शून्य. झोपायच्या खोल्या शून्य. बाल्कनीत बोका आणि शून्य.

“नव्या लहरींना भिंत आडवी येते,” तो जाता जाता सासूबाईंना समजावत होता. “जुन्या भिंतीतून आत यायच्या.”

“जुनी माणसं दार बंद असलं तरी घरात येतात,” सासूबाई म्हणाल्या. “नव्यांना मानपान लागतो.”

दहा एकोणपन्नासला रेंज सापडली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांमधल्या बोळकांडीत, फ्रिजच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून बरोबर सहा फूट दोन इंचांवर. एक इंच खाली आणलं तरी गायब. फ्रिजवर डबे रचून फोन वर ठेवावा म्हटलं, तर डब्यावर ठेवला की शून्य, आणि फूटपट्टीने हातात धरला की तीन रेघा. सासूबाईंनी मागे मोठ्या पातेल्याचं झाकण धरलं की चार.

बायकोची उंची पाच फूट एक इंच. तूट तेरा इंच. “मी स्टुलावर चढून मुलाखत देणार नाही,” तिने सांगून टाकलं. मग ठरलं ते असं. बोळकांडीत खुर्ची टाकून ती बसेल. फूटपट्टी समोर उभा राहून दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरेल, पडदा तिच्याकडे कलता. सासूबाई त्याच्या पाठीशी झाकण घेऊन उभ्या राहतील.

“किती वेळ?” सासूबाईंनी विचारलं.

“वीस मिनिटं.”

“याहून सोपं बाळंतपण होतं,” त्या म्हणाल्या आणि झाकण उचललं.

अकराला फोन वाजला. पडद्यावर तिघं होती: एक अध्यक्ष, एक बाई, एक चष्मेवाले गृहस्थ. बायकोने मान वर करून नमस्कार केला. तिचे डोळे आढ्याला लागलेले, चेहरा समाधानी, जणू मुलाखत थेट वरून चालली आहे.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. ग्रंथांचं वर्गीकरण, हरवलेली पुस्तकं, नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजना. बायकोला सगळं तोंडपाठ होतं. सहाव्या मिनिटाला फूटपट्टीच्या दंडात मुंग्या आल्या. आठव्या मिनिटाला त्या कोपरापर्यंत पोचल्या आणि तिथे त्यांनी वस्ती केली.

“एक प्रत्यक्षातला प्रश्न विचारते,” पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. “एखादा वाचक नियम समजावून सांगितला तरी ऐकतच नाही. आपलंच खरं करतो. त्याला कसं हाताळाल?”

बायकोची नजर पडद्यावरून किंचित खाली, फूटपट्टीच्या लाल झालेल्या चेहऱ्यावर गेली.

“त्याच्याशी वाद घालायचा नाही, मॅडम. त्याच्या हातात एखादं काम द्यायचं आणि सांगायचं, अजिबात हलू नका.”

“असा काही अनुभव?”

“बावीस वर्षांचा.”

नवव्या मिनिटाला दाराची घंटा वाजली. कुणालाही जागचं हलता येईना. दार लोटलेलंच होतं. कंपनीच्या दुकानातली मुलगी, बगलेत नोटीस आणि वही घेऊन, “काका, मॅनेजरसाहेबांनी पाठवलंय, तेवढी नोटीस मागे घ्या,” असं म्हणत आत आली आणि बोळकांडीच्या तोंडाशी थबकली. समोरचा देखावा तिने वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. काय झालं असावं हे तिला विचारावं लागलं नाही.

“काका,” ती कुजबुजली, “चार परत चालू केलं की टेबलावरून बोलता येईल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

“कर मग,” फूटपट्टी ओठ न हलवता म्हणाला.

“पण तेवढ्यात हा कॉल तुटेल.”

बायकोने पडद्यावर हसू तसंच ठेवून मान डावीकडून उजवीकडे एकदाच हलवली. मुलगी वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

बाराव्या मिनिटाला फूटपट्टीचा उजवा हात दोन इंच खाली आला. चित्र गोठलं, आवाज गेला. बायको वाक्याच्या मध्यावर होती. ती तशीच थांबली, तोंड अर्धवट उघडं ठेवून, पापणी न लवता. सासूबाईंनी झाकणाची कड जावयाच्या पाठीत रुतवली. हात पुन्हा सहा फूट दोन इंचांवर गेला, चित्र सुरू झालं, आणि बायकोने ज्या शब्दावर सोडलं होतं त्याच्या पुढच्या शब्दापासून वाक्य पुरं केलं. चष्मेवाल्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग सोळावं मिनिट आलं. पोटरीत गोळा आला, फूटपट्टी एका पायावर कलला, तोल सावरायला वळला आणि फोन त्याच्याबरोबर वळला. चार सेकंद पडद्यावर ग्रंथपालबाईंच्या जागी एक घामाघूम, डोळे वटारलेला पुरुष आणि त्याच्या खांद्यामागे पातेल्याचं झाकण धरलेली वृद्ध स्त्री दिसली.

फोन पुन्हा जागेवर आल्यावर अध्यक्ष पडद्याजवळ सरकले.

“हे कोण होते?” त्यांनी विचारलं.

“स्टँड आहे, सर,” बायको म्हणाली. “जरा जुनं आहे, म्हणून कलतं. आपण डिजिटल सूचीबद्दल विचारत होतात.”

मुलाखत अकरा वाजून एकवीस मिनिटांनी संपली. मुलीने आकडा दाबून चार परत चालू केलं. त्यासाठी तिला अठ्ठावीस सेकंद लागले. नोटीस फूटपट्टीने तिथेच मागे घेतली. सही डाव्या हाताने केली, कारण उजवा अजून डोक्याजवळच होता आणि खाली यायला तयार नव्हता. बायको त्याच्याशी त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि रविवारी बोलली नाही. गरजेपुरतं ती सासूबाईंमार्फत कळवत असे. त्या त्यात आपल्या पदरचे दोन शब्द घालत.

सोमवारी खात्यातून मेमो आला. त्यात लिहिलं होतं की मोबाइलवरील रेघा कोणत्याही वजनात अगर मापात मोडत नाहीत आणि निरीक्षकांनी यापुढे आपल्या राहत्या घरात जप्ती करू नये.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. आकाश ढगाळ, पाऊस नाही. दुपारी सव्वातीनला निकालाचं पत्र आलं. बायकोने ते जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचलं. फूटपट्टीने नव्या वहीत उतरवून घेतलं, ते असं:

विषयाचं ज्ञान: चाळीसपैकी एकतीस. अनुभव: तीसपैकी तीस. प्रतिकूल परिस्थितीत काम करण्याची क्षमता: तीसपैकी तीस. एकूण: शंभरपैकी एक्याण्णव. निवड: मुख्य ग्रंथपाल, कायम. रुजू होण्याची तारीख: १ डिसेंबर, सकाळी साडेदहा. शेरा: उमेदवाराने रुजू होताना मदतनीस (दोन) सोबत आणू नयेत.